पंचवीस उड्यांचा पाहुणा

हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामीजी रेल्वे स्थानकातला फलाट १५०७ मीटर लांब आहे. मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून त्याचं नाव झालं. डबा चुकलेला प्रवासी सामानासकट या टोकाकडून त्या टोकाला निघाला की त्याला घाम फुटतो. हा फलाट उचलून उभा केला आणि त्याच्या डोक्यावर तसाच दुसरा ठेवला, तर वरचं टोक जमिनीपासून जवळजवळ १० हजार फुटांवर जाईल. पॅराशूट पाठीला बांधून हौसेने उडी मारणारी माणसं साधारण त्या उंचीवर विमानाच्या दारात उभी राहतात. मोठ्या मेळाव्यांत त्याहूनही वर, १३ हजार फुटांच्या आसपास.

पोट जमिनीकडे करून, हातपाय पसरून खाली येणाऱ्या माणसाचा वेग सुरुवातीला झपाट्याने वाढतो. दहा-बारा सेकंदांत हवेचा विरोध शरीराच्या वजनाला तोलून धरतो आणि वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. पहिले हजार फूट पडायला दहा सेकंद लागतात, पुढच्या प्रत्येक हजार फुटांना साडेपाच. हुबळीचा सबंध फलाट २८ सेकंदांत मागे पडतो. १३ हजार फुटांवर विमान सोडून ४ हजार फुटांवर पॅराशूट उघडायचं ठरवलं, तर मधला वेळ जेमतेम मिनिटभर.

आता अनुभवाचा हिशेब करू. अमेरिकन पॅराशूट संघटनेचा ‘ए’ परवाना हा या खेळातला पहिला परवाना. त्यासाठी किमान २५ उड्या लागतात. प्रत्येक उडीत पन्नास सेकंद मुक्तपतन धरलं, तर परवाना हाती येतो तेव्हा माणसाने हवेत पडण्याचा सराव केलेला असतो सुमारे वीस मिनिटं. दुचाकी शिकताना वीस मिनिटं चालवलेल्या मुलाला कोणी धारवाडच्या सुभास रोडच्या बाजारातून गाडी काढायला सांगणार नाही. हवेत मात्र वीस मिनिटांचा हा माणूस संघटनेच्या नियमांप्रमाणे स्वतंत्र असतो. कोणाच्याही देखरेखीशिवाय तो उडी मारू शकतो, आणि पहिल्या संधीला तो मोठ्या मेळाव्याचा रस्ता धरतो. तिथे विमानं जास्त, माणसं जास्त आणि नावाजलेले उस्ताद एकाच ठिकाणी भेटतात.

असा मेळावा भरला की त्याला स्कायडायव्हर ‘बूगी’ म्हणतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी गावी १९९० च्या दशकात दर ऑगस्टला भरणारं ‘वर्ल्ड फ्रीफॉल कन्व्हेन्शन’ हा त्यातला फार गाजलेला मेळावा. देशोदेशींचे हजारो लोक विमानतळाच्या कडेला तंबू ठोकून राहत. बोइंग ७२७ जेटच्या शेपटीखालच्या जिन्यातून उडी मारायला मिळते म्हणून लोक दुरून येत. आपल्याकडे उज्जैनजवळच्या दताना धावपट्टीवर मध्य प्रदेशच्या पर्यटन विभागाने २०२२ पासून स्कायडायव्हिंग महोत्सव भरवायला सुरुवात केली, पण त्याची जात वेगळी. तिथे येणारा पाहुणा टँडम उडी मारतो, म्हणजे प्रशिक्षकाच्या पुढ्यात पट्ट्यांनी बांधलेला असतो. पॅराशूट कधी उघडायचं, कुठे वळायचं, वाऱ्याला तोंड कधी द्यायचं, हे सगळं मागचा माणूस ठरवतो. मैसूरलाही अशा टँडम उड्या झाल्या आहेत, आणि हुबळी-धारवाडच्या हौशी मुलामुलींची पहिली उडी बहुधा अशीच असते. खरी जबाबदारी परवान्याबरोबर येते, आणि तो मिळवायला आपल्याकडची बरीच मंडळी थायलंड, दुबई, स्पेन किंवा अमेरिका गाठतात.

मराठी माणसांत नवखेपणाचा विषय निघाला की नाव येतं ते पुण्याच्या शीतल महाजन यांचं. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर रशियन हेलिकॉप्टरमधून २४०० फुटांवरून उडी मारली. तापमान उणे ३७ अंश सेल्सिअस, वय २१. त्याआधी त्यांनी एकही सराव उडी मारलेली नव्हती; आयुष्यातली पहिली उडी थेट ध्रुवावर. अनुभव नाही म्हणून नकार पचवत त्या तिथवर पोचल्या होत्या. डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून मुक्तपतनाची उडी मारली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि जिला ‘तुला जमणार नाही’ असं सांगितलं जातं अशा प्रत्येक मुलीपर्यंत ही हकीकत पोचावी असं वाटतं.

तरीही ध्रुवावरच्या त्या उडीकडे नीट पाहायला हवं. २४०० फूट म्हणजे हुबळीचा अर्धाच फलाट. तिथून बाहेर पडल्यावर लांबलचक मुक्तपतनाला जागाच नसते, छत्री लगेच उघडावी लागते. खाली बर्फाचं अफाट मैदान, तारा नाहीत, झाडं नाहीत, रस्ते नाहीत. हेलिकॉप्टरमधून किती माणसं कोणत्या क्रमाने बाहेर पडणार हे अनुभवी लोकांच्या हातात. थंडी जीवघेणी होती, पण आकाश रिकामं होतं. नवख्या माणसाला एका धोक्याशी एका वेळी सामना करायला मिळाला, तर शरीर आणि मन तो पेलतं. मेळाव्यात हीच गोष्ट मिळत नाही. तिथे थंडी नसते, मैदान चांगलं असतं, पण आजूबाजूला, वर आणि खाली माणसं असतात. त्यातल्या प्रत्येकाचा वेग वेगळा, छत्री वेगळी, बेत वेगळा.

एकाच वेळी खूप माणसांनी उतरणं मुळात सैन्याने शिकवलं. त्या इतिहासातलं एक मोठं पान आपल्या सीमाभागाशी जोडलेलं आहे. भारतीय लष्कराची दुसरी पॅरा बटालियन म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र हुबळीपासून दोन तासांवरच्या बेळगावात आहे. ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली ही बटालियन पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ पॅराशूटने उतरली, पुंगली पूल ताब्यात घेतला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत होती. शेकडो माणसं थोड्या मिनिटांच्या अंतराने आकाशात होती, तरी एकमेकांवर आदळण्याचा धोका आटोक्यात राहिला. कारण व्यवस्थेत होतं. सगळ्यांच्या छत्र्या एकाच जातीच्या, गोल. दार सोडताच विमानाला बांधलेली दोरी त्या उघडते. उंची कमी, जेमतेम हजार-बाराशे फूट. गोल छत्री वाऱ्याबरोबर वाहते, स्वतःहून फारशी पुढे धावत नाही, त्यामुळे सगळी रांग एका दिशेने आणि एका चालीने खाली येते. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये जवानाला छातीवर पंख मिळतात ते पाच उड्यांनंतर, आणि त्यातली एक रात्रीची असते. पाच उड्यांचा जवान युद्धभूमीवर उतरू शकतो, कारण त्याच्या वाट्याचे बहुतेक निर्णय व्यवस्थेने आधीच घेतलेले असतात.

खेळातली आजची छत्री चौकोनी, विमानाच्या पंखासारखी. हवा पोटात भरून ती ताठ होते आणि स्वतःच्या बळावर ताशी तीस-चाळीस किलोमीटरने पुढे जाते. दोन छत्र्या समोरासमोर आल्या, तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला वीस मीटरने घटतं. शंभर मीटरवरचा माणूस पाच सेकंदांत अंगावर येतो. मेळाव्यातलं सगळं शिस्तशास्त्र या एका आकड्याभोवती उभं आहे.

मेळाव्याच्या दारात पहिलं टेबल नोंदणीचं. परवाना, उड्यांची नोंदवही, छत्रीची कागदपत्रं, सगळं तिथे पाहतात. पाठीवरच्या बॅगेत दोन पॅराशूट असतात, मुख्य आणि राखीव. मुख्य पॅराशूट घडी करायला उडी मारणारा स्वतः शिकतो. राखीव मात्र प्रमाणित कारागीरच घडी करून सीलबंद करतो, आणि अमेरिकेत त्याची मुदत १८० दिवसांची. मुदत उलटलेली दिसली तर कितीही मोठा उस्ताद असला तरी त्याला विमानात घेत नाहीत. नवख्याने हे टेबल कंटाळवाणं समजू नये. उपकरणांवर लक्ष ठेवणारी ही डोळस माणसं पुढच्या आठवडाभरात भेटणाऱ्या बऱ्याच रंगीत लोकांपेक्षा त्याच्या कामाची असतात.

नंतरचं काम जागेची ओळख. ड्रॉप झोनच्या, म्हणजे उड्यांच्या मैदानाच्या, भिंतीवर आकाशातून काढलेला मोठा फोटो लावलेला असतो. त्यावर उतरण्याच्या जागा आखलेल्या: अनुभवींची, नवख्यांची, वेगाने झेप घेत उतरणाऱ्यांची. विजेच्या तारा, पाणी, शेजाऱ्याची शेती आणि उतरायला पर्यायी मोकळी रानं. या फोटोसमोर पंधरा मिनिटं घालवणारा नवखा आणि नुसती नजर टाकून पुढे गेलेला नवखा यांच्यातला फरक पहिल्याच उडीत कळतो. वरून मैदान दिसतं त्या आकारात ते जमिनीवरून कधीच दिसत नाही. ऐन वेळी चारशे मीटरवर कोणतं रान कोणाचं हे शोधत बसायला वेळ मिळत नाही.

विमानातला क्रम हा सगळ्यात सुंदर भाग, आणि तो समजला की नवख्याची बरीच भीती आपोआप ओसरते. विमान वाऱ्याला तोंड करून उडी मारण्याच्या रेषेवर येतं. आधी पोटावर पडणाऱ्यांचे मोठे गट बाहेर पडतात, मग लहान गट, मग डोकं खाली किंवा बसल्या आसनात पडणारे ‘फ्रीफ्लायर’, त्यानंतर विद्यार्थी आणि टँडम, आणि अगदी शेवटी विंगसूटवाले, म्हणजे हातापायांत कापडी पंख असलेला पोशाख घालणारे. वरवर पाहता जलद पडणाऱ्यांनी आधी जाऊन रस्ता मोकळा करावा असं वाटेल. पण पोटावर पडणारा ताशी १९० किलोमीटरने सावकाश खाली येतो, वरच्या वाऱ्यात जास्त वेळ राहतो आणि वाऱ्याबरोबर मागे बराच वाहवत जातो. डोकं खाली करून जाणारा ताशी अडीचशेच्या पुढे असतो, त्यामुळे तो फारसा वाहत नाही. फ्रीफ्लायर आधी सोडले, तर नंतर बाहेर पडलेले पोटवाले वाहत येऊन नेमके त्यांच्या डोक्यावर पोचतील आणि छत्र्या उघडताना गाठ पडेल. क्रम उलटा ठेवला की वारा दोन्ही गटांना एकमेकांपासून दूर नेतो.

दोन गटांमध्ये किती सेकंद थांबायचं, हेही वाऱ्यावरच ठरतं. जमिनीच्या हिशेबाने विमान सेकंदाला ४० मीटर सरकत असेल आणि दोन गटांत ३०० मीटर अंतर हवं असेल, तर सात-आठ सेकंद थांबायचं. वर जोराचा वारा असला की विमान त्याच्याशी झुंजत हळू सरकतं. तेवढंच अंतर पडायला दुप्पट वेळ लागू शकतो. मेळाव्यात दाराशी खूप माणसं ताटकळत असतात, मागून ‘चला, चला’ होतं, आणि नवख्याला वाटतं की थांबलो तर सगळ्यांचा खोळंबा. नवख्याने न लाजता मोजावं. पंधरा सेकंद थांबून मागच्याला अर्धा किलोमीटर पुढे उतरावं लागलं तर तो पायी चालत येईल. तीन सेकंदांत निघून कोणाच्या अंगावर पडल्यास त्याला उपाय नाही.

गटाने उडी मारायची ठरली तर वेगळं व्हायची उंचीही आधी ठरते. पाच किंवा त्याहून कमी माणसांचा गट छत्री उघडण्याच्या उंचीपेक्षा किमान दीड हजार फूट वर सुटतो, सहा किंवा जास्त असतील तर दोन हजार फूट वर. सुटल्यावर प्रत्येकाने शरीर ताठ करून, हात मागे घेऊन आडवं पळायचं असतं. या पळण्याला ‘ट्रॅकिंग’ म्हणतात, आणि नवख्याला गटात घ्यायचं की नाही हे जाणकार आयोजक त्याच्या ट्रॅकिंगवरून ठरवतात. हवेत सुंदर रचना जमवण्यापेक्षा तिच्यातून नीट सुटता येणं मोलाचं. या कलेचं टोक पाहायचं तर ८ फेब्रुवारी २००६ रोजी थायलंडच्या उदोन थानी इथे ४०० जणांनी हवेत एकमेकांचा हात धरून केलेली रचना पाहावी. थाई हवाई दलाची पाच सी-१३० विमानं, ऑक्सिजन लागेल एवढी उंची, आणि ती रचना टिकली ४.२५ सेकंद. त्या चार सेकंदांपेक्षा मला थक्क करतं ते त्यानंतरचं पांगणं. चारशे माणसं थराथराने, प्रत्येक थराच्या ठरलेल्या उंचीवर सुटली आणि वेगवेगळ्या पातळ्यांवर छत्र्या उघडल्या. नवख्याला त्या रचनेत जागा नव्हती. ती मिळवायला शेकडो उड्या मारून स्वतःला सिद्ध करावं लागलं होतं.

मुक्तपतनाची भीती सगळ्यांना असते, म्हणून त्याकडे सगळे लक्ष देतात. उपकरणंही त्या भीतीपोटी सुधारली. पॅराशूटची उपकरणं बनवणाऱ्या बिल बूथ यांच्या तीन कड्यांच्या युक्तीमुळे बिघडलेलं मुख्य पॅराशूट एका हिसक्यात सोडून देता येऊ लागलं. १९९१ मध्ये बाजारात आलेलं ‘सायप्रेस’ हे जर्मन यंत्र आणखी पुढे गेलं. माणूस बेशुद्ध असला, तरी जमिनीपासून सुमारे २२५ मीटरवर मुक्तपतनाचा वेग दिसला की ते राखीव पॅराशूट उघडतं. तिथून जमीन चार सेकंदांवर असते. १९७० च्या दशकात अमेरिकेत दरवर्षी चाळीसहून अधिक माणसं या खेळात दगावत. २०२३ मध्ये सुमारे ३६ लाख ५० हजार उड्यांमागे १० मृत्यू झाले. आता अपघातांचा मोठा वाटा छत्री नीट उघडल्यानंतरचा आहे: उतरताना केलेलं चुकीचं वळण आणि छत्र्यांची टक्कर. मेळाव्यात नवख्याने सावध व्हायचं ते इथे, ज्या टप्प्यात बहुतेकांना ‘सुटलो एकदाचे’ असं वाटतं त्या टप्प्यात.

छत्री उघडली की आधी ती शाबूत आहे ना ते पाहायचं, मग डोकं चारी बाजूंना फिरवून किती माणसं, कोण वर, कोण खाली हे मोजायचं. खालच्याला मान द्यायचा, कारण खालच्याला वरचा दिसत नाही. साधारण हजार फुटांवर उतरण्याचा मार्ग सुरू होतो: वाऱ्याबरोबर एक सरळ पट्टी, मग आडवी, मग वाऱ्याला तोंड देऊन शेवटची. सगळ्यांनी एकाच बाजूने वळून हा चौकोन पुरा केला, तर पन्नास छत्र्याही एकामागोमाग निवांत उतरतात. एकाने उलट बाजूने वळायचं ठरवलं की समोरासमोर गाठ पडण्याची शक्यता तयार होते. पहिला माणूस ज्या दिशेने उतरतो तीच सगळ्यांची दिशा, असा नियम बऱ्याच ठिकाणी पाळतात, कारण पडत्या वाऱ्यात झेंडा फिरत राहतो आणि प्रत्येकाला आपली दिशा बरोबर वाटते.

शेवटच्या शंभर फुटांत नवख्याच्या हातून होणारी चूक अगदी स्वाभाविक आहे. समोर कोणी आलं, किंवा आपण वाऱ्याच्याच दिशेने उतरतोय असं उशिरा लक्षात आलं, की हात एका बाजूची दोरी जोरात खाली ओढतो. छत्री झुकते, आणि झुकलेली छत्री आडवी जाण्याऐवजी खाली सूर मारते. या एका खेचीने चांगल्या छत्रीखाली पाय मोडले आहेत आणि जीवही गेले आहेत. शिकवतात ते असं: पंख सपाट ठेवा, समोर मोकळी जागा शोधा, वळायचंच असेल तर दोन्ही दोऱ्या थोड्या खाली घेऊन हळूहळू वळा, आणि वाऱ्याच्या दिशेने उतरावं लागलं तरी चालेल, शेवटी पूर्ण ब्रेक लावा आणि पाय-गुडघे जुळवून लोळण घ्या. ही लोळण म्हणजे आग्र्याला जवान शिकतात तीच. पॅरा सैनिकाची रांगडी वाटणारी कसरत या रंगीबेरंगी खेळात आजही हाडं वाचवते.

समजा, असा मेळावा हुबळीच्या आसपास भरला. गोकुळ रोडच्या विमानतळावर प्रवासी विमानं येतात, म्हणून जागा बाहेर शोधावी लागेल, गदगच्या किंवा नवलगुंदच्या बाजूला. समुद्रसपाटीवर, समजा दुबईत, शिकलेल्या मुलाने तिथे पहिलं काम करायचं ते मनगटावरचं उंचीमापक उतरण्याच्या जागेवर शून्यावर आणायचं. आपलं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे. यंत्रात समुद्राची पातळी राहिली, तर काटा २७०० फूट दाखवेल तेव्हा जमीन फक्त पाचशे-सहाशे फुटांवर असेल. या उंचीवर हवाही थोडी विरळ, त्यात उन्हाळ्याचं ऊन, म्हणून तीच छत्री किनाऱ्यापेक्षा थोडी वेगाने उतरते. टोकाचं उदाहरण शीतल महाजन यांचंच: नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी मारली आणि काळापत्थरसारख्या उंच जागी उतरल्या. तिथल्या विरळ हवेत उतरणं काय असतं, हे शिकायला त्यांनी मध्ये जवळजवळ वीस वर्षं उड्या मारल्या होत्या.

आणि वारा. गदग जिल्ह्यात पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. पावसाळ्याचा पश्चिमेचा वारा या पठारावर मोकाट सुटतो. अमेरिकन संघटनेने शिकाऊ माणसासाठी जमिनीवरच्या वाऱ्याची मर्यादा ताशी सुमारे २२ किलोमीटर ठेवली आहे. परवाना मिळाला की ही मर्यादा कागदावरून उठते, वाऱ्यातून उठत नाही. २५-३० उड्यांच्या माणसाने ती स्वतःहून पाळावी असं माझं ठाम मत आहे. चैत्र-वैशाखात आणखी एक शत्रू असतो, काळ्या रानातून उठणारी वावटळ. दुपारी तापलेल्या नांगरटीवर ती अचानक उभी राहते, आणि छत्री त्यात सापडली तर तिचा एक भाग मिटू शकतो. म्हणून सकाळचे पहिले ‘लोड’, म्हणजे विमानाच्या फेऱ्या, नवख्यांनी घ्यावेत आणि दुपारी छत्री घडी करायच्या मंडपात बसावं. मेळाव्यातला सगळ्यात चांगला वर्ग तिथे भरतो. नामवंत माणसं गुडघ्यावर बसून घडी घालत असतात, त्यांच्या हातातल्या सवयी पाहता येतात आणि प्रश्न विचारता येतात.

मेळाव्याचा मोह संध्याकाळी वाढतो. कोणी विंगसूट घालून येतं, कोणी टोपीवर कॅमेरा लावून, कोणी सोंग घेऊन उडी मारतं. विंगसूटसाठी आणि कॅमेऱ्यासाठी २०० उड्यांचा संकेत आहे, आणि तो अपघातांच्या अनुभवातून आला आहे. शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली तेव्हा सगळीकडे त्यांचे फोटो झळकले. तोवर त्यांच्या नावावर सातशेहून अधिक उड्या जमा होत्या, हे मात्र त्या फोटोंत दिसलं नाही. परवान्यांची उतरंडही तशीच आहे: २५ नंतर ‘ए’, ५० नंतर ‘बी’, २०० नंतर ‘सी’, ५०० नंतर ‘डी’. मेळाव्यातल्या समंजस आयोजकाला आपला खरा आकडा सांगितला, की तो नवख्याला दोन-तीन जणांच्या साध्या उडीत घेतो आणि खाली आल्यावर त्याच्याशी बोलतो. आकडा फुगवून सांगणाऱ्याला हवेत कोणी सांभाळून घेत नाही, कारण त्याला सांभाळायची गरज आहे हे कोणाला माहीतच नसतं.

नवख्याचा एक हक्क मात्र फार कमी ठिकाणी मोठ्याने सांगितला जातो: विमानात बसल्यावरही उडी न मारता परत खाली यायचा. ढग जमले, पट्टा सैल वाटला, बेत समजला नाही, मन तयार नाही, कोणतंही कारण पुरेसं आहे. त्यासाठी दाराशी गोंधळ घालायचा नाही. मागे सरकून वाट मोकळी करायची, सगळे गेल्यावर दार बंद करायचं, सीटचा पट्टा बांधायचा आणि पायलटला स्पष्ट सांगायचं की एक माणूस विमानातच आहे. ही शेवटची सूचना शिष्टाचारापुरती नाही. शिकाऊ माणसाच्या बॅगेतलं सायप्रेस सेकंदाला १३ मीटरच्या उतरत्या वेगावरही जागं होतं. उड्या संपवून पुढच्या लोडसाठी घाईने खाली सुटलेलं विमान तो वेग सहज गाठू शकतं, आणि मग विमानातच राखीव पॅराशूट उघडायची पाळी येते. पायलटला आधी कळलं असेल तर तो बेताने उतरतो, आणि खाली आल्यावर पुढच्या लोडमध्ये नाव नोंदवायला कोणी अडवत नाही.